मिनी मालदीवचा मालक

माझा धाकटा भाऊ अनिल हा रत्नागिरी तालुक्यातला सर्वांत निरुपयोगी माणूस आहे असं मी म्हणणार नाही, कारण तालुका मोठा आहे आणि मी तो सगळा पाहिलेला नाही. जेवढा पाहिला तेवढ्यात त्याच्या तोडीचा दुसरा भेटला नाही, एवढंच सांगते. मी रत्नागिरी डेपोला कंडक्टर होते. दारात पाय ठेवणारा माणूस शेवटच्या थांब्यापर्यंत येणार की काहीतरी सबब सांगून मध्येच घंटी मारायला लावणार, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. अनिल हा मध्येच उतरणारा.

कॉलेज मध्येच सोडलं, कारण मास्तर बरोबर शिकवत नव्हते. मुंबईला कुरिअरच्या ऑफिसात लागला, ती नोकरी सोडली, कारण साहेबाला माणसाची पारख नव्हती. मग गावी आला आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या घराशेजारी चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायला लागला. हे मात्र टिकलं. का टिकलं ते मी पुढे सांगते, त्याचा अनिलशी काही संबंध नाही.

खोल्यांना त्याने नाव दिलं ‘मिनी मालदीव होम स्टे’. पाण्याच्या टाकीला निळा रंग फासला. समोरच्या पुळणीवर, वाळूत चार बांबू रोवून त्यांवर झावळ्यांच्या छत्र्या केल्या, त्या पहिल्याच वाऱ्यात उडून शेजारच्यांच्या गोठ्यावर बसल्या. पाटीवर स्वतःच्या नावाखाली ‘प्रोप्रायटर’ असं लिहून घेतलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! पण पुण्याची माणसं पाटी बघून गाडी थांबवायची, आणि थांबवली की अनिल पडवीतून उठून पुढे व्हायचा. घरात आमच्याशी ‘काय करतंस गं’ म्हणणारा हा माणूस पुणेकर दिसला की ‘आपलं स्वागत असो’ म्हणायचा. ऐकून माझे दात शिवशिवायचे.

एकदा कुणा पाहुण्याने विचारलं, “खऱ्या मालदीवला गेला आहात का हो?”

“दोनदा,” अनिल म्हणाला.

मी तिथेच कोकमं वाळत घालत होते. एकदा म्हणाला असता तर मी गप्प बसले असते, खोटं बोलायलाही माणसाला थोडी जागा द्यावी. पण दोनदा! त्या रात्री मी त्याला जाब विचारला तर म्हणतो, “आक्का, एकदा गेलो म्हटलं की लोक प्रश्न विचारतात. दोनदा म्हटलं की गप्प बसतात.” यातलं शहाणपण मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

तर हा दोनदा मालदीवला जाऊन आलेला माणूस गेली काही वर्षं मालदीवला जायचा बेत करत होता.

बेत म्हणजे काय, तर संध्याकाळी पडवीत आरामखुर्ची टाकायची, मोबाईलवर त्या बेटांचे व्हिडिओ लावायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. पाण्यावर बांधलेल्या खोल्या, खोलीच्या जमिनीत काच, काचेखाली मासे. आमच्या वाडीतल्या लोकांनी जन्मभर मासे वरून, खालून, आतून, बाहेरून बघितलेले, तरी मान डोलवायचे. कुठलं बेट चांगलं, कुठल्या बेटाची वाळू पांढरी, कुठे सकाळची न्याहारी खोलीत आणून देतात, हे त्याला तोंडपाठ होतं. फुलाफुलांचे दोन शर्ट आणले. गवताची टोपी आणली. ती घालून तो आमच्याच पुळणीवर उभा राहून तेजस्वीला फोटो काढायला सांगायचा. “माड येऊ देत, जेटी नको,” म्हणायचा. तेजस्वी ही त्याची मुलगी, रत्नागिरीत फार्मसीला आहे. तिच्याकडे बघून मला देव आहे असं वाटतं, कारण बापाचं एकही लक्षण तिच्यात उतरलेलं नाही.

घरासमोर समुद्र, आणि हा घराच्या पडवीत समुद्राकडे पाठ करून मोबाईलमधला समुद्र बघणार. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, जेवून तृप्त झालेला पहिला माणूस मी पाहिला.

आता दीपालीबद्दल. दीपाली म्हणजे अनिलची बायको, माहेरची हेदवीची. मिनी मालदीव टिकलं ते हिच्यामुळे. पाटी वाचून आलेले पाहुणे दुसऱ्या खेपेला येतात ते तिच्या हातची सुरमई, तिचं तिसऱ्यांचं सुकं, तिचे घावणे खायला. सकाळी पाहुण्यांचा चहा, मग घावणे, मग दुपारची ताटं, पुन्हा संध्याकाळची भजी, रात्रीची ताटं. शेवटचा पाहुणा हात धुऊन उठला की ती चुलीजवळच बसून चार घास गिळायची. उरलं असेल ते. मांसाची, माशाची तुकडी उरली तर तिचं नशीब, नाहीतर कालवणाचा रस्सा आणि भात. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला आहे, त्याची खिडकी डोंगराकडे उघडते. लोक हजार मैलांवरून, म्हणजे पुण्याहूनच, जो समुद्र बघायला येतात त्याच्याकडे या बाईची सदा पाठ.

एकदा दुपारी आम्ही दोघी कांदे चिरत होतो. बाहेर अनिलचं काचेच्या जमिनीचं पुराण चाललं होतं. मी म्हटलं, “दीपाली, तुला गं काय जायचंय त्या बेटावर? पाणी इथेही खारट, तिथेही खारट.”

तिने चिरलेला कांदा ताटात लोटला. मग म्हणाली, “वन्सं, मला पाणी नको नि काच नको. मला फक्त एकदा पाटावर बसायचंय. खुर्ची असली तर खुर्चीवर. समोर ताट यावं, आणि कुणीतरी जवळ उभं राहून विचारावं, आणखी काय वाढू म्हणून.”

मी म्हटलं, “एवढंच ना? रत्नागिरीत हॉटेलं काय कमी आहेत?”

“तिथे हे बरोबर असतात. खाऊन झालं की वाटेत म्हणतात, तुझ्या हातची चव नव्हती हो. की मी लगेच घरी येऊन पीठ मळायला लागत्ये.”

मला माझ्या भावाची तिडीक पूर्वीही यायची, पण त्या दिवसापासून जी आली ती उतरली नाही. ज्या बेटाच्या नावावर हा माणूस गावभर मिरवत होता, त्या बेटावर खरंच कुणाला जायचं होतं तर ते या बाईला, कारण तिथून उठून लगेच पीठ मळायला घरी येता आलं नसतं. आणि याने न्यायचं म्हटलं तरच ती जाणार होती.

गाडी पुढे सरकवली ती तेजस्वीने. तिने आईचा पासपोर्ट काढला, बापाचा काढला, स्वतःचा काढला. अनिल रोज नुसता उद्या म्हणत होता, तिने फेब्रुवारीतल्या तारखा ठरवून टाकल्या, शिमग्याच्या आधीच्या. पैशाची अडचण नव्हती, दीपालीच्या हाताने खोल्या भरलेल्या असायच्या. सगळं ठरल्यावर एका संध्याकाळी पडवीत बसून तेजस्वी सगळा प्रवास वाचून दाखवायला लागली. मुंबईहून विमान. विमान एका बेटावर उतरणार. “आणि तिथून पुढे स्पीड बोट. पाऊण तास.”

अनिलने मोबाईल खाली ठेवला. “पूल नाही?”

“बाबा, बेट आहे ते.”

मी अनिलच्या तोंडाकडे बघितलं आणि मला सगळा उलगडा झाला. अनिलला बोट लागते. समुद्रकाठी जन्मलेला, नारळ फोडण्यापुरता दरवर्षी समुद्राच्या पाया पडणारा हा माणूस जयगडच्या फेरीबोटीत गाडीच्या काचा वर करून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत बसतो. पलीकडे तवसाळच्या धक्क्यावर उतरला की कुंपणाला धरून ओकतो. ती फेरीबोट अशी चालते की तिच्यावर बसून तांदूळ निवडावेत. याने एवढी वर्षं बेटं बघितली, खोल्या बघितल्या, खोलीखालचे मासे बघितले, पण बेटावर जायचं तर बोटीत बसावं लागतं हे याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून सबबींची पेरणी सुरू झाली. आधी म्हणाला, फेब्रुवारीत शनिवार-रविवारचे पाहुणे असतात. मग म्हणाला, तिकडे सध्या उकाडा फार आहे, जसं काही आम्ही काश्मीरमध्ये राहतो. मग म्हणाला, काकाची तब्येत बरी नाही, मध्येच सुतक आलं तर? काका मिरकरवाड्याला राहतात, रोज सकाळी लिलावाला जाऊन स्वतः मासळी निवडून आणतात आणि अजून पुतण्याहून जास्त जेवतात. दीपाली हे सगळं ऐकत होती. तिने एक नवी साडी काढून इस्त्रीला दिली होती, ती तिने घडी करून परत कपाटात ठेवली. मी ते बघितलं.

शेवटी अनिलने हुकमाचं पान काढलं. “समुद्र ओलांडायचा म्हणजे देवीला विचारायला पाहिजे,” म्हणाला. “कौल घेऊ. देवी देईल तसं.”

आमच्याकडे जाखमातेला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मग देवीच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो. काम व्हायचं असेल तर उजवी आधी गळते, व्हायचं नसेल तर डावी. लग्नाला, विहिरीला, कोर्टकचेरीला आम्ही विचारतो. मालदीवसाठी कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण देवीचं नाव काढल्यावर दीपाली नाही कशी म्हणेल? ती मुकाट्याने ओटीचं सामान भरायला लागली. मला मात्र तेव्हाच वास आला. जो माणूस संकष्टीला भजी खातो त्याला एकाएकी देवीची एवढी ओढ कुठून लागली?

कौलाच्या दिवशी आम्ही सगळी देवळात गेलो. अनिल फुलाफुलांचा शर्ट घालून आला होता, देवीला दाखवायला असेल. रघू गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

“बा जाखमाते, हा तुझा अनिल नि त्याची बायको-पोर दर्या ओलांडून मालदीव बेटावर जायाचा म्हनतायत. तुझी परवानगी असंल तर उजवी दे. सुखरूप ने नि सुखरूप परत आन गे आये!”

“होय म्हाराजा,” आम्ही म्हणालो. अनिल सर्वांत मोठ्याने म्हणाला आणि हात जोडून, डोळे अर्धवट मिटून उभा राहिला. त्याच्या तोंडावर एवढी शांती मी त्याच्या लग्नातही पाहिली नव्हती. दीपालीचे ओठ हलत होते, बहुधा ती काहीतरी नवस बोलत होती.

पाकळी गळली. अनिलच्या डाव्या हाताकडची. त्याने सुस्कारा सोडला आणि चेहरा पाडून म्हणाला, “जाऊ दे गं दीपाली. डावी दिली देवीने. तिच्या इच्छेपुढे आपण कोण?”

रघूने वळून त्याच्याकडे बघितलं. “डावी? अनिलशेट, उजवी दिलान देवीन. देवी आपल्याकडं तोंड करून बसल्याय. तिचा उजवा तो आपला डावा.”

अनिलने आपला एक हात वर केला, मग दुसरा केला, आणि देवीकडे बघून कुठला कुठे जातो ते जुळवायला लागला. मला वाटलं आता हा देवीला उलटी बसायला सांगतो.

बाहेर आल्यावर रघूने मला पायरीवर गाठलं. “आक्का, तुमचा भाऊस काल आला हुता. म्हनाला, माज्या उजव्या हाताकडची पाकळी जरा दाबून बसव, ती गळता नये. मी म्हटला ठीक हाय. जी सांगितलान तीच बसवली, देवीची डावी.” हे सांगताना त्याच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. “देवीला शिकवाया आला हुता म्येला.”

मी तशीच मागे फिरले. अनिल देवळामागच्या पारावर बसला होता. मी म्हटलं, “मेल्या, दोनदा मालदीवला जाऊन आलास आणि तुला उजवं-डावं कळत नाही? देवीला फसवायला निघालास तर निदान ती कुठल्या बाजूला तोंड करून बसलीय एवढं तरी बघायचंस!”

पण माणूस तेवढ्याने संपला नाही. घरी आल्यावर जेवताना म्हणतो, “तसं बघितलं तर देवीने परवानगी दिलीय. हुकूम नाही दिलेला. जायलाच पाहिजे असं काही ती म्हणालेली नाही.”

दीपाली त्याच्या ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला. “परवानगीच हवी होती मला,” ती म्हणाली. “तुम्ही नका येऊ. तुम्हाला बोट लागते. मी नि तेजस्वी जाऊ.”

इतक्या वर्षांत तिने त्याला बोट लागते हा शब्द चारचौघांत उच्चारला नव्हता. तो दुखण्यासारखा झाकून ठेवला होता बिचारीने. अनिल म्हणाला, “आणि पाहुणे? त्यांचं जेवण कोण करणार?”

माझ्याकडे बघितलं त्याने. मी म्हटलं, “मी नाही. मी कांदे चिरून देईन आणि तुला शिव्या देईन. तव्यापाशी तू.”

जायच्या दिवशी पुण्याचा मोठा ताफा यायचा होता. मला खात्री आहे, तारीख बघूनच अनिलने त्यांना होकार दिला होता. सकाळी दीपाली पदर खोचून सुरमईला मीठ-मसाला लावायला बसली, तिची बॅग दारात उभी. रिक्षा आली तरी ती उठेना. “एवढं करून जात्ये, वन्सं. तिकडे पोचेपर्यंत यांना निदान एक जेवण तरी…” तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि अनिल दारात उभा राहून ते बघत होता, आशेने. मी तिच्या हातातली परात ओढून घेतली. एसटीत दारू पिऊन चढलेल्या माणसाला मी जेवढ्या जोराने खाली उतरवायचे तेवढ्या जोराने तिला रिक्षात चढवलं. हात तिने रिक्षातच बाटलीच्या पाण्याने धुतले.

मग अनिल पेटला, म्हणजे आधी त्याचा तवा पेटला. पहिली तुकडी चिकटली, दुसरी मोडली, तिसरी बाहेरून काळी आणि आतून कच्ची. मी शेजारी बसून कांदे चिरत, कबूल केल्याप्रमाणे शिव्या देत होते. भाकऱ्या पलीकडच्या गुणवंतीकडून मागवल्या, नाहीतर पुणेकर उपाशी मेले असते. पाहुण्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की बायको माहेरी गेलीय. “हेदवीला. दशभुजा गणपतीला नवस होता,” असं शुद्ध मराठीत. आणि आपल्या दोन मालदीव वाऱ्याही सांगून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली होती. पहिला भात झाला होता आणि अनिल तुकड्या घेऊन फिरत होता, तेवढ्यात त्याचा मोबाईल ओट्यावर वाजला. दीपालीचा. दोन्ही हात मसाल्याने भरलेले, म्हणून त्याने कोपराने दाबला, आणि कोपराने दाबला की काय लागेल ते मोबाईलच्या हातात असतं. स्पीकर लागला आणि दीपालीचा आवाज सगळ्या पंगतीत घुमला.

“पोचलो हो. विमान बरं होतं, बोटही बरी होती. तेजस्वी म्हणाली फोन करून सांग, मालदीवला पोचलो म्हणून.”

पंगतीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक पोक्त गृहस्थ म्हणाले, “अहो, तुमच्या सौभाग्यवती तर हेदवीला होत्या ना?” दुसरा म्हणाला, “हे दोनदा जाऊन आलेत ना, तिसरी वेळ सौभाग्यवतींना दिली असेल.” आणि सगळी हसली.

अनिलचं तोंड त्याच्या सुरमईपेक्षा काळं झालं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “समुद्र कसा आहे?”

“समुद्र होय?” दीपाली म्हणाली. “बोटीतून दिसला तेवढाच. आता मागच्या बाजूला असेल. मी जेवत्ये.” मागून कुणीतरी परक्या बोलीत काहीतरी विचारलं, आणि ताटात काहीतरी पडल्याचा आवाज आला. “अहो, इथे माणूस उभा आहे वाढायला. मी नको म्हटलं तरी परत येतोय.” ती हसली. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी हसायची, हे माझ्या एकदम लक्षात आलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कांदे मी मघाशीच संपवले होते.

“ठेवत्ये,” ती म्हणाली. “गार होतंय.”

मोबाईल बंद झाला. मघाच्याच पोक्त गृहस्थांनी ताट जरा पुढे सरकवलं आणि विचारलं, “काय हो प्रोप्रायटर, कालवण आहे का अजून?” अनिलने वाडगा घेतला आणि तो वाढायला गेला.